काचपेटीतलं वाळुंज

वर्कशॉपच्या कोपऱ्यात लोखंडाची छाट साठते ना, तसे किस्से साठतात. मुद्दाम कुणी साठवत नाही. अँगल कापला, चार बोटं तुकडा उरला, टाकला कोपऱ्यात. वर्षभरानं बघावं तर कमरेएवढा ढीग!

माझ्या दादाचे किस्से असेच साठलेत. दादा जाऊन दीड महिना झाला. कुपवाडच्या आमच्या वर्कशॉपातली माणसं अजून सुट्टी झाली की सायकली वळवून घरी येतात. येतात सांत्वनाला. चहा होतो, आणि कुणीतरी म्हणतं, "त्या पेटीचं आठवतंय का रं?" मग सगळे हसतात. हसता हसता एकदम उठतात. मग सायकली काढतात.

मला लिहायची सवय नाही. शाळा चौथीत सुटली. पण हे किस्से आता ज्याला जसे पाहिजेत तसे तो सांगायला लागलाय. परवा एकानं सांगितलं, दादाच्या पेटीत मगरीचं पिल्लू होतं! म्हटलं, आता मीच सांगतो.

माणसं थोडीच आहेत. दादा म्हणजे हणमंता, वेल्डर. मी सर्जेराव, त्याचा धाकटा भाऊ आणि त्याच्याच हाताखालचा. मी चालायला लागायच्या आत आईबाप गेले, दादानंच मला वाढवलं. दुष्काळाच्या वर्षी आम्ही उंब्रज सोडून सांगलीत आलो. वर्कशॉपचे मालक आण्णा, जैन, सत्तरीला टेकलेले. लेथवर मिरजेचे इस्माईलभाई. आणि घरी सुमनवहिनी. एवढीच मंडळी. बाकी सगळं पाणी.

*

पेटीचं खूळ पुण्याहून आलं. एका डॉक्टरांची लोखंडी कपाटं पोचवायला दादा टेम्पोतून गेला होता. त्यांच्या बाहेरच्या खोलीत काचेची पेटी, पेटीत लाल मासे, आणि माशांच्या मध्ये प्लास्टिकची झाडं. कपाटं उतरवून झाली तरी दादा तासभर तिथंच बसून राहिला. परत आला तो पहिलं हेच बोलला, "सर्ज्या, मासं खरं आन झाडं खोटी! त्या माशांनी काय समजायचं रं?"

मी म्हणालो, "मग आपण खरी लावू की."

मी कुठलीही गोष्ट अशीच बोलतो. आधी तोंड, मग डोकं. पण दादानं ते मनावर घेतलं. आठवड्यात त्यानं छाटीतल्या अँगलचा सांगाडा वेल्ड केला, त्यात खिडकीच्या काचा बसवल्या आणि फटी लांबीनं भरल्या. लांबी म्हणजे खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून करतात ती, काच धरून ठेवणारी. "आठ दिवस वाळू दे. हात लावू नगंस," असं मला बजावलं.

तिसऱ्या दिवशी माझ्याच्यानं राहवेना. दादा कामावर होता. मी नळावरून वीस कळश्या आणून पेटी काठोकाठ भरली. काय दिसत होती! खिडकीतलं ऊन तिच्यातून भिंतीवर हलत होतं. मी वहिनीला हाक मारली, "वैनी, बघायला या!" वहिनी आली आणि खालची काच निसटली. अंथरुणाची वळकटी, जात्याचा खुंटा, माझी चप्पल, सगळं तरंगत दाराकडं निघालं.

संध्याकाळी दादा उंबऱ्यात येऊन उभा राहिला. वहिनी पदर खोचून पाणी लोटत होती. म्हणाली, "या! तुमच्या भावानं नदी आणली घरात. आता एक खडक आणा म्हनावं, धुणं हितंच धुते!"

दादानं मला मारलं नाही. फडकं हातात दिलं आणि म्हणाला, "कुठनं गळतंय ते तरी कळलं. एक काम कमी झालं!"

*

झाडं आणायला आम्ही हरिपूरला गेलो, कृष्णा आणि वारणा मिळतात तिथं. दादा कमरेएवढ्या पाण्यात वाकून तळ चाचपत होता. मी काठावर बादली धरून. त्याला रिबिनीसारखं लांब पानाचं एक गवत पाहिजे होतं. ते मुळासकट, गाळासकट निघायला हवं, नाहीतर जगत नाही.

काठावर माणसं जमायला लागली. एकानं विचारलं, "काय हारवलं?" दादाचं डोकं पाण्याकडं, त्यानं ऐकलंच नाही. दुसरा म्हणाला, "अंगठी आसंल." तिसरा म्हणाला, "सोन्याची आसनार, त्याशिवाय माणूस एवढा वाकत न्हाई." बघता बघता चार जण धोतरं खोचून पाण्यात उतरले आणि तळ चाचपायला लागले! दादानं मान वर केली तर आजूबाजूला ही गर्दी.

"तुमी काय शोधताय?" दादानं विचारलं.

"तुजी अंगठी!"

"माजी कसली अंगठी? मी गवत काढतोय. घरी लावायला."

सगळे थांबले. एक म्हातारा शेतकरी होता, हाताला गाळ, मिशीला शेवाळ. तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आमी तण काढायला बाया लावतो, लेका. आन तू घरी लावायला तण न्यायला नदीत उतरलायस?"

पण जाता जाता त्यानंच आपल्या बाजूला लागलेला एक गड्डा मुळासकट उपटून आमच्या बादलीत टाकला.

*

आता आण्णांचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आण्णांचं एक व्रत होतं, खोटं बोलायचं नाही. धंद्यात! गिऱ्हाईक विचारायचं, "आण्णा, गेट तयार झालं का?" दुसरा कुणी मालक असता तर म्हणाला असता, "रंग वाळतोय." आण्णा म्हणायचे, "न्हाई. आजून लोखंडच आणलं न्हाई." गिऱ्हाईक हबकून जायचं. आणि परत आण्णांकडंच यायचं, कारण दुसरीकडचा रंग कधी वाळायचाच नाही!

दुसरं, आण्णा पाणी गाळून प्यायचे. रोज सकाळी वर्कशॉपच्या विहिरीतून बादली काढायची, पांढऱ्या दुहेरी कापडातून गाळायची. मग ते कापड उलटं करून त्यावर थोडं पाणी घालायचं आणि ते पाणी परत बादलीनं विहिरीत सोडायचं. तेही वरून ओतायचं नाही. बादली पाण्याला टेकवायची आणि हळूच कलती करायची. कापडात अडकलेले बारीक जीव ज्याच्या त्याच्या पाण्यात परत गेले पाहिजेत.

एकदा मी हसलो. म्हणालो, "आण्णा, ते दिसत्यात तरी का तुमाला?"

आण्णा म्हणाले, "तुझा बाप तुला आठवतो का रं?"

"न्हाई."

"मग तुला बाप नव्हता?"

मी हसायचा थांबलो.

त्या विहिरीत डासांसाठी सोडलेले गप्पी मासे होते. दादाला पेटीसाठी त्यांतले दहा पाहिजे होते. आण्णा आठ दिवस नाहीच म्हणत होते. "जीव कोंडायचा न्हाई, हणमंता."

"आण्णा, ते हिरीतबी कोंडल्यालंच हायत. माज्याकडं निदान खिडकी हाय!"

आण्णांनी विचार केला. शेवटी म्हणाले, "ने. पण माझ्या हिरीतनं जातायत. त्यांचं काही झालं तर ते मलाबी लागंल."

*

पेटी लागली. खाली नदीचा गाळ, वर चार बोटं वाळू, त्यात ते रिबिनीचं गवत आणि कोल्ह्याच्या शेपटीसारखी एक वनस्पती. नाव माहीत नाही, आम्ही तिला शेपूटच म्हणायचो. महिनाभरात पाणी असं नितळ झालं की वहिनी पेटीपुढं बसून भांग पाडायची.

पण दादाचं समाधान नव्हतं. त्याला गवत नाही, झाड पाहिजे होतं. "खाली मासं, मदी मुळ्या, वर सावली," असं तो म्हणायचा. कुठलं झाड पाण्यात उभं राहील? आम्ही ऊसवाल्यांची पोरं. दुसरं काय सुचणार? दादानं पेटीत उसाची कांडी लावली!

आणि ती उगवली की! दोन महिन्यांत पाती कौलांना टेकली. उसाच्या पांढऱ्या मुळ्यांतून गप्पी मासे फिरायचे. घरमालकीण भाडं न्यायला आली ती दारातच थांबली. वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाली, "गुऱ्हाळ कवा सुरू करताय?"

मग पाती पिवळी पडायला लागली. दादा म्हणाला, "थांब, बघू काय व्हतंय." थांबणं मला जमत नाही. उसाला काय लागतं ते मला ठाऊक होतं. उंब्रजला आत्याकडं गेलो होतो, तिथून कागदाच्या पुडीत युरिया आणला आणि मूठभर पेटीत टाकला. सकाळी ऊस तसाच पिवळा. मासे सगळे उलटे, पांढरी पोटं वर.

दादा वर्कशॉपात गेला आणि त्यानं आण्णांना स्वतःच सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. "माज्याकडनं झालं," म्हणाला. आण्णांनी दुपारी डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. इस्माईलभाईंना मी खरं सांगून टाकलं होतं. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली, "वा रं सर्ज्या! युरिया घातलास तू, सांगितलं हणमंतानं, आन उपास आण्णांना!"

तिसऱ्या दिवशी मी आण्णांपुढं जाऊन खरं सांगितलं. आण्णांनी शांतपणे डबा उघडला, त्यातली निम्मी भाकरी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "जा, हिरीतनं दुसरं दहा काढ. पण पुडी कुठं ठिवलीयस ती आधी मला दे!"

*

ऊस शेवटी उपटून टाकला. वाळुंज दादाला हरिपूरलाच दिसलं. काठावरचं झाड. त्याच्या तांबड्या बारीक मुळ्या केसांसारख्या पाण्यात सुटलेल्या, आणि त्यांत माशांची पिल्लं लपलेली. दादा तिथंच मटकन बसला. "सर्ज्या, हे बघ. खाली मासं, मदी मुळ्या, वर सावली. हे तर हितं हुतंच की!"

वाळुंजाची काडी नुसती पाण्यात ठेवली तरी मुळ्या धरते, असं त्याला एका नावाड्यानं सांगितलं. पुढच्या रविवारी काडी आणायची ठरलं.

तो रविवार आला नाही. दादा थकल्यासारखा वाटत होता, जेवण जात नव्हतं. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण वेल्डर दिवसभर काळ्या काचेमागं असतो. एका दुपारी त्यानं घाम पुसायला चष्मा काढला आणि लेथवरून इस्माईलभाई ओरडले, "हणमंता! डोळं बघू तुजं!"

हळदीसारखे पिवळे होते.

दादा मला म्हणाला, "तरीच! मी म्हनतोय, वहिनी तुजी रोज पिवळंच लुगडं का नेसतीया!"

सगळे हसले. आण्णा हसले नाहीत. त्यांनी टेम्पो काढायला सांगितला.

*

मिरजेच्या दवाखान्यात दादा अकरा दिवस होता. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "काडी आण. अंगठ्याएवढी जाड, हातभर लांब. वाळूत पार तळापतोर खुपस. मी येईपर्यंत पाला फुटला पायजे."

मी सायकल हाणत हरिपूरला गेलो, काडी तोडली, पानं ओरबाडून काढली, घरी येऊन पेटीत खुपसली आणि परत दवाखान्यात. सगळं अडीच तासांत! दादा म्हणाला, "एवढ्यात आलास? नीट लावलीस न्हवं?"

"एकदम नीट!"

रोज विचारायचा, "फुटला का पाला?" दोन दिवस मी "न्हाई" म्हणालो. चौथ्या दिवशी त्याच्या तोंडाकडं बघून माझ्या तोंडातून गेलं, "व्हय! दोन पानं आली."

दादा उठून बसायला लागला. वहिनीकडं बघून म्हणाला, "खरं का गं?" वहिनीनं माझ्याकडं एकदाच बघितलं. घरात ती वाळकी काडी तिला रोज दिसत होती. म्हणाली, "व्हय. मीच की मोजते रोज."

मग काय, पानं वाढायलाच लागली! सहाव्या दिवशी चार. आठव्या दिवशी सहा. इस्माईलभाई आले, त्यांना विचारलं, तेही म्हणाले, "काय हिरवीगार हायत रं, हणमंता!" दादा म्हणाला, "हिरवी हायत न्हवं? मला हल्ली समदंच पिवळं दिसतंय."

आणि मग आण्णा आले. आमच्या घरी जाऊन, पेटी बघून आले होते. दादानं विचारलं, "आण्णा, तुमी तरी बघितली का पानं?"

मी, वहिनी, इस्माईलभाई, तिघंही आण्णांकडं बघत उभे. आण्णांनी उजव्या खिशात हात घातला, डाव्या खिशात घातला. बराच वेळ चाचपत राहिले. शेवटी खाली बघून म्हणाले, "चष्मा न्हवता रं जवळ."

दादा म्हणाला, "मग पुढच्या खेपंला बघा. नीट मोजा. हा सर्ज्या वाढवून सांगतो."

बाहेर व्हरांड्यात आण्णा भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांचा चष्मा खिशातच होता. मला दिसत होता.

*

नवव्या दिवशी दादानं मला जवळ बोलावलं. "पानं कुनीकडं वळलीत?"

"खिडकीकडं."

"मग काडी थोडी फिरीव. न्हाईतर झाड वाकडं वाढंल."

मी घरी आलो आणि ती वाळकी काडी फिरवली. पेटीपुढं बसलो. कसं सांगू? ती काडी मी चारदा फिरवली.

दहाव्या दिवशी म्हणाला, "एक पान घिऊन ये. हातात धरून बघतो."

मी हरिपूरला गेलो. मोठ्या वाळुंजाचं पान तोडलं, फडक्यात ओलं ठेवून आणलं. दादानं ते दोन बोटांत धरलं, खिडकीच्या उजेडाकडं केलं. जून पान होतं, करंगळीहून लांब, कडेला किडीनं खाल्लेलं. मला घाईत ते दिसलंच नव्हतं.

दादानं ते उलटसुलट करून बघितलं. मग हसला. हसताना त्याला दुखत होतं, तरी हसला. "सहा दिसात लय मोठं झालं की रं, सर्ज्या! किडाबी लागला?"

मी खाली बघितलं.

"आसू दे," तो म्हणाला. "ठिव माज्या उशीखाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा गेला. उशीखालचं पान मी त्याच्या हातात ठेवलं. कसलं पान ते कुणी विचारलं नाही.

*

दहन करून घरी आलो. दादाला मूल नव्हतं, अग्नी मीच दिला होता. उंब्रजची आत्या बसनं आली होती. आमच्याकडं माणूस गेला की घरात साठवलेलं सगळं पाणी ओतून टाकतात. घागरी, हंडे, रांजण, सगळे उपडे करून ठेवले होते. राहिली होती पेटी.

आत्या म्हणाली, "हेबी वता."

मी पेटीच्या आडवा उभा राहिलो. "ह्याला हात लावायचा न्हाई! दादाचं हाय हे."

"दादाचं हाय म्हनूनच वतायचं, बाळा. त्याच्या वक्ताला घरात हुतं ते पानी. तू ते धरून ठिवनार, आन मग त्यानं जायचं कसं?"

माझं डोकं फिरलं. जायचंच आहे ना त्याला? जाऊ दे! मी बादली उचलली, पेटीत बुडवली आणि दारापुढच्या गटारात भसकन ओतली. मासे राहिले, एवढं नशीब. दुसरी बादली भरली तेवढ्यात मागून कुणीतरी माझं मनगट धरलं. आण्णा होते. अंघोळीचे ओले केस, अंगावर पंचा. जैन माणूस आमच्या सुतकाच्या घरात सरळ आत आला होता.

"वतायचं तर वत," आण्णा म्हणाले. "पण गटारात न्हाई. ज्याचं त्याच्या पाण्यात. परवा नदीला जायाचंच हाय तुमाला, तवा हे घिऊन चला."

आत्या म्हणाली, "तवर घरात ठिवायचं?"

आण्णांनी खांद्यावरचं गाळायचं पांढरं कापड काढलं आणि पेटीवर पसरलं. "आता झाकलं की. दिसत न्हाई."

आत्यानं कापडाचं एक टोक ओढून नीट केलं. मग म्हणाली, "माजी ना न्हाई. पन येताना रिकामं येऊ नगा. घरात नवं पानी लागंल."

*

तिसऱ्या दिवशी आण्णांच्या टेम्पोत मांडीवर दादाची राख घेऊन मी बसलो. मागं पेटी, ड्रम आणि बादल्या धरून इस्माईलभाई. निघताना वहिनीनं पेटीतलं गवत स्वतःच्या हातानं सोडवून बादलीत ठेवलं होतं. काडीला तिनं हात लावला नाही.

हरिपूरला आधी राख सोडली. गोल फिरली, लांबली, वाळुंजाच्या मुळ्यांजवळून पुढं गेली.

मग पाणी. मी बादली उचलली तर आण्णा म्हणाले, "वरनं नगं. दणका बसतो त्यांना." म्हणून सगळ्यांनी गुडघाभर पाण्यात उतरून बादल्या नदीला टेकवल्या आणि हळू कलत्या केल्या. एक एक बादली. गप्पी मासे क्षणभर पायांशी घुटमळले आणि गेले. गवत जिथलं तिथं लावलं.

पेटीत उरली वाळू आणि ती काडी. वरून पार वाळलेली, बोटानं टिचकी मारली तर खुट्ट वाजणारी. मी ती धरली आणि ओढली. येईना! जोर लावला तशी वाळूसकट वर आली.

जाड टोक माझ्या हातात बघून आण्णा लगेच म्हणाले, "आरं, उलटी लावलीस की रं ही! शेंडा खाली!"

उसाची कांडी आडवी टाकायची असते. शेंडा कुठला, बुडखा कुठला, हे बघायची मला सवयच नव्हती.

"उलटी का सुलटी, आता काय त्याचं..." म्हणत इस्माईलभाईंनी काडी हातात घेतली. खालच्या टोकाची वाळू अंगठ्यानं पुसली. आणि थांबले.

वाळूत चार बोटं गाडलेल्या त्या टोकाला पानं होती. ऊन न लागलेली, पिवळी, चिमटीएवढी. दबून काडीला चिकटलेली.

 इस्माईलभाईंनी हळूच विचारलं, "किती सांगितली हुतीस त्याला?"

"सहा," मी म्हणालो.

आण्णांनी खिशात हात घातला. चष्मा काढला. पंच्याच्या टोकानं दोन्ही काचा पुसल्या, डोळ्यांवर चढवला, काडी डोळ्यांजवळ धरली आणि एकेका पानाला बोट लावून मोजलं. परत मोजलं. मग माझी बादली नदीच्या पाण्यानं भरून घेतली, काडी तिच्यात उभी केली, सुलटी, आणि बादली माझ्या हातात दिली.

मग ते आणखी दोन पावलं पाण्यात गेले. राख गेली होती तिकडं तोंड केलं आणि लेथ चालू असताना वर्कशॉपाच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारायचे तसे ओरडले,

"हणमंता! बघितली रं मी पानं! तीन हायत. सहा न्हाईत!"